सारवलेली लोखंडी चूल

ज्यांनी जन्मात चुलीत लाकूड घातलं नाही, त्यांनाच चुलीचं शास्त्र सगळ्यांत जास्त कळतं. हे मी कल्याणला, सासरी शिकले. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. इंजिन रोज दुरून बघायचे, आणि तेवढ्यावर आग, वाफ, वारा सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची ठाम समजूत. इंजिनात कोळसा टाकणाऱ्याला मात्र ते अडाणी म्हणत.

सासूबाईंचा डावा डोळा धुराने गेलेला. आठव्या वर्षापासून चुलीपुढे बसलेल्या, दुसरं काय होणार? उजव्या डोळ्यातूनही पाणी गळायला लागलं तेव्हा वैद्यबुवांनी बजावलं, "धूर बंद करा, नाहीतर हाही जाईल." उपाय सोपा होता. मी होते ना घरात, पंधरा वर्षांची, धडधाकट! पण मामंजींना सुनेच्या हातचा भात पचत नसे. बायकोच्याच हातचा हवा, तोही सोवळ्यातला. डोळा गेला तर गेला, पोट बिघडता कामा नये. असं ते बोलले नाहीत हो, पण वागले तसंच.

ठाण्याचा एक साहेब बंगला आवरून विलायतेला निघाला होता. त्याच्या सामानाच्या लिलावातून मामंजींनी लोखंडी चूल आणली. चारही बाजूंनी बंद, पुढे लहानसं दार, मागे नळी. धूर म्हणे नळीवाटे घराबाहेर जाणार. बैलगाडीतून ती उतरली तेव्हा सगळी आळी बघायला जमली आणि मामंजी ओटीवर असे उभे राहिले, जणू चूल त्यांनीच ओतली होती. "आता तुझ्या डोळ्याची काळजी मिटली," ते सासूबाईंना म्हणाले. त्या बिचाऱ्या हरखल्या. त्याच दिवशी जुनी मातीची चूल फोडली, आणि धूर जायला कौलांत ठेवलेली फटही बुजवून टाकली. नळी असताना भोक कशाला!

पण चूल पडली साहेबाची. तिच्यावर काय काय शिजलं असेल, शिव शिव! गोमूत्राने धुतली, आत गोवऱ्या जाळल्या, तरी मामंजींचं मन मानेना. मग हुकूम निघाला. रोज सकाळी शेणमातीने सारवायची, आपल्या चुलीसारखी, खालपासून वरपर्यंत. तसूभर लोखंड दिसता कामा नये. मी सारवली. दाराखाली सुपारीएवढ्या भोकांची एक ओळ होती, तिच्यावर सरकती पट्टी. तीही सारवली. मला काय ठाऊक ती कशाला? आणि ज्यांना सगळं ठाऊक, ते पाटावर बसून बघतच होते.

पेटवली आणि घर धुराने भरलं. "फुंकणी नीट मार." मारली. "लाकडं ओली आहेत." सुकी आणली. "आंब्याचं नको, बाभळीचं घाल." घातलं. नाचता येईना अंगण वाकडं! दसऱ्याला आलेली चूल, दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला, धूर काही हलेना. सासूबाई डोळे मिटूनच स्वयंपाक करायच्या, चाचपून मीठ घालायच्या. मी म्हणायची, "सासूबाई, तुम्ही मागच्या दारी बसा, मी करते. त्यांना काय कळतंय?" त्या म्हणायच्या, "नको गं पोरी, कळेल त्यांना. आणि एवढ्या हौसेने आणलीय." हौस! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका सकाळी दाराखालचं सारवण तडकलं आणि त्याचा पोपडा पडला. दोन भोकं उघडी झाली. तासभर फुंकूनही मरगळलेला विस्तव हूऽ करून उठला. जाळ मागे नळीकडे वळला आणि धूर त्याच्यामागून निघून गेला. मी फुंकणी हातात धरून बघतच राहिले. तीन महिने आम्ही चुलीचं नाक दाबून तिला श्वास घे म्हणत होतो!

मी बाकीचीही भोकं मोकळी केली. दुसऱ्या दिवशी मामंजींना लोखंड दिसलं. सासूबाईंकरवी मी सांगून पाहिलं की वारा तिथूनच आत जातो. "बायकांनी मला वारा शिकवू नये," म्हणाले, आणि त्यांनी स्वतः, हो, स्वतःच्या बोटांनी तिथे शेणमाती थापली. जन्मात पहिल्यांदा चुलीला हात लावला तो असा.

मग मी त्यांच्यादेखत सारवायची आणि ते पूजेला बसले की खराट्याच्या काडीने एकेक भोक टोकरायची. पट्टी पूर्ण उघडी ठेवली तर लाकूड भुरकन जळून जाई, भात खाली करपलेला आणि वर कच्चा. पट्टी लवकर सरकवली तर विस्तव घुसमटून पुन्हा धूर. नळीत एक चावी होती. ती आडवी केली की धग आत टिकायची, पण जाळ धरायच्या आत फिरवली तर सगळा धूर तोंडावर. राख साठली तरी वारा अडायचा. हळूहळू हात बसला. पेटवताना सगळं मोकळं आणि बारीक ढलप्या, जाळ धरला की जाड लाकूड, निखारे पडले की पट्टी अर्धी आणि मग चावी. अक्षरशत्रू पोरीला पंधरा दिवसांत कळलं ते एवढंच. करपलेल्या भाताची बोलणी मात्र सासूबाईंनी खाल्ली.

रथसप्तमीला मामंजी घरी होते. ओटीवर शेजाऱ्यांना चुलीची महती सांगणं चाललं होतं. आत चूल छान लागली होती, धुराचा मागमूस नाही. मी सासूबाईंना हात धरून चुलीपुढे बसवलं. "सासूबाई, उघडा डोळे. आज धूर नाही."

त्यांनी डोळे उघडले. हात पुढे करून शेकले. मग हळूच म्हणाल्या, "धग छान लागतेय गं. दार उघड ना जरा, जाळ बघू दे."

दार सताड उघडं होतं. जाळाचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

रोज डोळे मिटलेलेच असायचे, मला कळणार कसं? त्या काळी सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नसे, चार माणसांत तर नाहीच नाही. मी तशीच ओटीवर गेले आणि म्हणाले, "मामंजी, आत या. सासूबाईंना काही दिसत नाहीये."

ते आले. बायकोकडे पाठ करून चुलीपुढे वाकले, दारातून आत डोकावले, नळी वरपर्यंत न्याहाळली. मग ओटीवरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं? आहे का कुठे धूर?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या, "अगदी नाही."