केसरबाईंचा निळा डबा

केसरबाई तान्ह्या बाळांच्या नाळा चोरते आणि अमावास्येच्या आत दुधनीच्या मांत्रिकाला पोचवते, असं नवी पेठेतल्या बांगड्यांच्या दुकानात मी माझ्या कानांनी ऐकलं. तिथली बातमी अर्धं शहर बांगड्या भरता भरता पारखून घेतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

पुरावेही होते की. बाई दर महिन्याला दुधनीच्या गाडीत बसायची. बाळंतिणींच्या वॉर्डात वीस वर्षं आया, पण तोंडाला कुलूप! कुणाची सासू रुसली, कुणाचा नवरा फिरकला नाही, काहीही विचारा, ही हसून फडकं पिळणार. गप्पा न मारणारी आया मी तरी दुसरी पाहिली नाही. आणि तो निळा डबा! वॉर्डात नवं बाळ रडलं की थोड्याच वेळात ही डबा छातीशी धरून मागच्या दारानं पसार.

तक्रारी वर गेल्या. मोठ्या सिस्टरनी बजावलं, "आणखी एकीनं बोंब मारली तर नोकरी गेली म्हणून समजा."

त्यातच अकबरीच्या सुनेला, आरजूला, मुलगी झाली. अकबरीनं नाळ पुरायला घरामागं खड्डा तयार ठेवलेला. मागितली तर नाळ मिळेना, आणि जिन्याखाली बघते तो केसरबाई डबा घेऊन निघालेली. अकबरीनं वाट अडवली.

"उघडा डबा."

"उगडला की वाया जातंय, भाभी. बाहेरची हवा चालत न्हाय त्याला."

"कुणाची नाळ हाय आत?"

"ते सांगायचं न्हाय मला."

"मांत्रिकाला बरं सांगता!"

गर्दी जमली. मोठ्या सिस्टर खाली आल्या. एक नाव घेतलं असतं तर नोकरी वाचली असती. केसरबाई डबा पोटाशी आवळून, भिंतीला पाठ लावून उभी.

"अम्मी, जाऊ द्या त्यांना." जिन्यावर आरजू, कठड्याला धरून. "माझी हाय ती. मीच दिली. तुमाला सांगू नका म्हणून मीच हात जोडले त्यांना."

"का गं? आपल्यात पुरतात ती!"

"हमजाला दफन केलं तेवढं बास की, अम्मी."

हमजा अकबरीचा धाकटा मुलगा. पायाच्या जखमेतला जंतुसंसर्ग अंगभर भिनून सेप्सिस झाला आणि तो कळेपर्यंत उशीर झाला होता.

अकबरी बाजूला सरली. केसरबाई मागच्या दारानं गेली, नोकरी राहिली. बांगड्यांच्या दुकानाला मात्र हे अजून पटलेलं नाही.

खरं एवढंच. डब्यात बाळंतिणींनी राजीखुशीनं दिलेल्या नाळा असतात. त्या मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत जातात. तिथं वाढवलेल्या नाळेच्या पेशी एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात. सेप्सिसमध्ये शरीरात उठणारा भडका त्यांनी शमतो का, ते उंदरांवर पाहतात. रुग्णाच्या रक्तातल्या अशाच पिशव्यांवरून सेप्सिस लवकर ओळखता येईल का, तेही तपासतात. तिथं अजून एकाही माणसाला हे औषध दिलेलं नाही. दुधनीत केसरबाईचा भाऊ राहतो.