एक पाय आखूड असलेलं स्टूल

सुजाताच्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून बाटलीतला अर्क चमच्यात ओतत होते. “मावशी, आई गेली. खुर्चीत बसल्याबसल्या... डोळे उघडेच होते. आम्हाला वाटलं, नेहमीसारखी कशाकडे तरी बघतेय.” मला रडू फुटायच्या आत ती पुढे म्हणाली, “सकाळपासून एकच विचारत होती, मंदीने दुसरी बाटली टाकली का? कसली बाटली, मावशी?” चमचा सिंकमध्ये पडला. दुसरी बाटली आहे हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. डाळीच्या डब्यामागे लपवलेली ती. माझ्या सुनेलासुद्धा सापडली नव्हती, आणि माझ्या सुनेला सगळं सापडतं.

सुजाता आणि मी खडकीच्या क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लावून वाढलो. दोघींचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. ती शिकत गेली, मी लग्न करून शनिवार पेठेत आले. वनौषधींचे अर्क सुरक्षित आहेत का, हे तपासणं तिचं काम. अर्काचा गुण येतो का, हा प्रश्न दुसऱ्यांचा. हिचा प्रश्न, तो मारतो का, आणि मारायच्या आधी काय काय करतो. उंदरांना अर्क पाजायचा आणि पिंजऱ्यासमोर बसायचं. श्वास, चाल, डोळे, अंगावरचे केस... माणूस समोर आहे हे उंदीर विसरतील इतकं स्तब्ध. तिच्या स्टीलच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. ती असा तोल धरून बसायची की ते वाजायचं नाही. काही दिसलं आणि ती पुढे झुकली, की मात्र खट् आवाज यायचा. सगळी प्रयोगशाळा मग क्षणभर गप्प व्हायची.

मी तेव्हा नवी सून, आणि शहाणपणाची खाण! माहेरच्या आजीचा एका मुळीचा काढा होता, तो बाटल्यांत भरून विकायचं माझ्या डोक्यात आलं. “झाडाचंच मूळ ते, त्याला कसला गं अपाय?” हे मी अशा ठसक्यात म्हणायचे, जणू कण्हेर आणि धोतरा प्लॅस्टिकचे असतात. सुजाता म्हणाली, “आण. पण मी सांगेपर्यंत कुणाला थेंब देऊ नकोस.” काही आठवड्यांनी तिने बोलावलं. पिंजऱ्यांच्या दोन रांगा. एका रांगेला काढा, दुसरीला नुसतं पाणी. कुठल्या रांगेला काय, ते तिने सांगितलं नाही. एका रांगेतले उंदीर उंदरांसारखे उंदीर. दुसरीतले गुबगुबीत, तुकतुकीत, लग्नाला निघाल्यासारखे. मी शाळेत हात वर करावा तसं बोट दाखवलं. “हे माझे! बघ की, कसे उजळलेत!”

खट्.

“तुझेच,” ती म्हणाली. “मलाही फार सुंदर दिसतात. म्हणून तर भीती वाटते, मंदे.” पुढे त्यांची यकृतं तिने मला दाखवली. सुजलेली, रंग उडालेली... आणि वरून ते तुकतुकीत केस. मी ढसाढसा रडले. उंदरांसाठी नव्हे हो, लेबलं छापून आली होती म्हणून.

तिच्या निवृत्तीच्या वेळी ते स्टूल भंगारात चाललं होतं. ते तिने धायरीला स्वतःच्या घरी नेलं नाही, माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. “तुझ्याकडेच जास्त लागेल,” म्हणाली. मी हसले. शेवटची आली तेव्हा त्यावरच बसली होती. मी ऐटीत होते. सगळे म्हणत होते, आजी, काय तजेला आलाय! तिच्या चहावर साय धरली तरी ती माझ्याकडेच बघत होती. पापणी हलली नाही. मग खट् झालं, आणि माझ्या अंगावर काटा आला. तोही तिने पाहिला असणार.

“काय घेतेस?”

“कुठे काय?”

“मंदे, तुझी कातडी चकाकतेय.”

“अगं मग कौतुक कर की मेले!”

“उंदरांचंही तूच केलं होतंस.”

शेवटी मी बाटली काढून दिली. ‘संपूर्ण नैसर्गिक’ छापलेली, भिशीतल्या मैत्रिणीकडून घेतलेली. तिने ती पर्समध्ये टाकली, रक्त तपासून घे म्हणाली. मी मान डोलावली. डब्यामागे दुसरी होतीच ना! म्हातारपणी अक्कल येते म्हणतात. माझी येताना वाट चुकली असावी.

फोन ठेवला आणि ती बाटली बंद करून बाजूला काढली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला गेले, तेव्हा ती डॉक्टरांसमोर ठेवली. अहवाल आल्यावर ते म्हणाले, “आजी, आणखी थोडे दिवस गेले असते तर...” धायरीत सुजाताच्या पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना, त्रिशरण चाललं होतं, आणि मी तिच्या फोटोकडे बघायचं टाळत होते. फोटोतही तीच नजर. दुसऱ्या बाटलीचं तिला कसं कळलं, असं प्रज्ञाने विचारलं. म्हटलं, जन्मभर ओळखत होती मला; एक काढून घेतली तर मी दुसरी ठेवणारच. एवढंच असेल... बहुतेक.

स्टूल अजून तिथेच आहे. सून म्हणते, गॅलरीत टाकूया, पायात येतं. मी टाकू देत नाही. परवा दुपारी नातीने कसलंसं हिरवं पेय करून आणलं. “घे गं आजी, टोटली नॅचरल आहे!” ती आत गेली. मी पेला तोंडाला लावला.

खट्.

घरात फरशी खालीवर आहे, वारा येतो, म्हाताऱ्या कानांना काहीही ऐकू येतं. हे सगळं मला कळतं. “अगं सुजे, पुदिनाच असेल,” मी रिकाम्या स्टुलाला म्हटलं, आणि पेला खाली ठेवला.