उंदराखालची सपाट जमीन

माझ्या परदेशातल्या प्राध्यापकांनी माझ्या आईला फसवलं. शब्द दिला आणि मोडला.

भोरच्या बाजारात तांदूळ विकून मी शिकले. घासाघीस केल्याशिवाय कुणाकडून काही घेतलं नाही, पीएचडीनंतरची परदेशातल्या प्रयोगशाळेतली जागासुद्धा. तोंड कोणत्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशी उंदराच्या मेंदूत असतात. त्यांच्यावर आमचं काम होतं. उजेडात त्या दिशा अचूक धरत. काळोखात हळूहळू भरकटत. का, ते वर्षभर उमगेना.

हे प्राध्यापकसाहेब एकदा पुण्यात व्याख्यानाला आले आणि हौसेनं माझ्याबरोबर आमच्या गावी, हिर्डोशीला आले. भर पावसाळा. धुक्यात गोठासुद्धा दिसत नव्हता, आणि आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पलीकडच्या खाचरातून सरळ दारात आली. वाट कशी सापडली, असं साहेबांनी मला विचारायला लावलं. आई म्हणाली, अशा वेळी डोळ्यांच्या नादी लागायचं नाही. चपला काढून उभं राहायचं. उतार डाव्या पायाला लागला की तोंड घराकडं.

मग मी तिला आमची अडचण सांगितली. तिनं जरा विचार केला.

"त्यास्नी इचार, उंदराखालची जमीन सपाट हाय का?"

सपाटच होती.

"मग त्यो बिचारा काय करंल? तितं म्या बी चुकंन."

मी ते सांगितल्यावर साहेब हसले, मग त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मी तिथंच सौदा केला: याचा उपयोग झाला तर लेखाच्या आभारात आईचं नाव. कबूल, म्हणाले आणि हात पुढे केला. आईनं आधी आपला हात पदराला पुसला.

उंदीर ज्या फळीवर फिरायचा, ती आम्ही थोडी तिरपी केली. काळोखातलं पेशींचं भरकटणं जवळजवळ थांबलं. लेख छापून आला. आभारात पिंजरे धुणारे होते, साहेबांची बायको होती. आई नव्हती. मी भांडले. सहलीतल्या गप्पांचे आभार मानत नसतात, साहेब म्हणाले.

आईला वाचता येत नाही. लेख मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "माजं नाव कुठं हाय गं?"

मी तिचं बोट माझ्या नावावर ठेवलं.

"लई बारीक लिवलंय," ती म्हणाली, आणि बोट बराच वेळ तिथंच राहू दिलं.

ते खोटं मला बोलावं लागलं. साहेबांनी हिर्डोशीला यावं, तिच्यासमोर बसावं आणि तिचं नाव का गाळलं ते तिला सांगावं.