उंदरांनी सोडलेला घास

एलोदिया कोंबडी हातानेच पिंजायची. लास नोरियास गावातल्या बायका आता उकडलेली कोंबडी मिक्सरमध्ये टाकतात, एकदा फिरवतात आणि झालं म्हणतात. त्याचा लगदा होतो. जमिनीखाली कुशीवर पडून दिवसभर पहार चालवणाऱ्या माणसाला दाताखाली काहीतरी लागावं लागतं. लगदा खाऊन तो जेवत नाही, नुसता गिळतो.

तिची रीत ठरलेली होती. कांदा, मीठ, तमालपत्र घालून कोंबडी मंद विस्तवावर उकडायची आणि त्याच पाण्यात निवू द्यायची. कढत पिंजली तर बोटं भाजतात, गार पिंजली तर मांस अडून बसतं. कोमट असतानाच, धाग्याच्या दिशेने, बोटाएवढे लांब तंतू सोडवायचे. मग कढईत कांदा, टोमॅटो, धुरावलेली लाल मिरची, चिमूटभर जिरं, आणि त्यावर कोंबडी. पुढे नुसतं परतायचं. पाणी आटेपर्यंत. खरं काम ते, आणि तिथेच बाकीच्या कंटाळतात. ओल्या सारणाने पोळी भिजते, आणि भिजलेली पोळी खाली अंधारात हातातच फाटते. कढईच्या तळाला उलथन्याने रेघ ओढायची. रेघ कोरडी राहिली तर उतरवायचं, नाहीतर पुन्हा परतायचं. तिचा उजवा खांदा त्यानेच कामातून गेला होता.

एकदा केलेलं सारण तिला आठवडाभर पुरायचं. सोमवारी ती ते मैद्याच्या मोठ्या पोळीत गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी मक्याच्या जाड भाकरीचं पोट फाडून त्यात भरायची. मग पातळ पोळीच्या सुरळ्या करून तळायची, कधी पावात कोबीबरोबर दाबून द्यायची. शेवटी कढईला जे चिकटलेलं राही ते शनिवारच्या सूपात. "मावशी, कोंबडी तीच, पण रोज नवीन कपडे घालून येते," असं ताचो म्हणायचा. ताचो कोळसा खणणाऱ्या टोळीतला बोलका. टोळीत तिचा मुलगा नासारियोही होता, आणि टोळीचं जेवण तिच्याकडून जायचं.

त्या कोळशाच्या विहिरी. आडव्या खाणी नव्हेत. सरळ खाली उतरणारं अरुंद तोंड, वर जुन्या गाडीचं इंजिन बसवलेला रहाट, आणि रहाटाला लोखंडी दोर बांधलेलं पिंप. पिंपात उभं राहून माणसं उतरत, पिंपातूनच कोळसा वर येई. एलोदियाचे वडीलही असेच उतरायचे. त्यांची विहीर बुजून जमाना झाला. ती नेमकी कुठे होती हे आता कुणाला सांगता येत नाही, सगळीकडे वेडी बाभूळ माजली आहे.

तिकडचे दोन नियम सगळे पाळत. एक, खाली जेवताना शेवटचा घास उंदरांसाठी ठेवायचा. उंदीर जवळ असले की माणसाला बरं वाटतं. भिंत कधी हलेल हे त्यांना आधी कळतं. दुसरा नियम बायकांसाठी. विहिरीच्या तोंडाशी बाईने जायचं नाही. बाई आत डोकावली तर खालच्यांना लगेच वर घ्यायचं आणि त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. एलोदिया टोपली घेऊन वळणावरच्या मोठ्या बाभळीपर्यंत जायची. तिथून पुढे तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

उन्हाळा सरत आला होता. एका संध्याकाळी टोळी बाभळीखाली रिकामी फडकी परत द्यायला थांबली तेव्हा ताचो म्हणाला, "मावशी, राग मानू नका, पण आज तुमच्या कोंबडीला उंदरांनी तोंड लावलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कालचा घास आज तिथेच. परवाचाही तिथेच. आम्ही बापडे मुकाट खातो, त्यांना कसली भीड?"

सगळे हसले. नासारियोही हसला. एलोदियाने फडकी झटकली आणि घड्या घालत म्हणाली, "तुझ्या उष्ट्याला उंदीरसुद्धा शिवत नसेल, माझ्या कोंबडीला कशाला नावं ठेवतोस?"

घरी आल्यावर मात्र तिने कढई उघडली. वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. मिरची जास्त झाली असेल. उंदराला धूर आवडत नसेल. तिने कोंबडी नव्याने उकडली, मिरची निम्मी केली, जिरं सोडलंच. पुन्हा तेवढंच परतलं. पोळ्यांऐवजी जाड भाकरी भरल्या. म्हटलं, मक्याचा वास आला तर येतील.

आले नाहीत.

मग तिने डुकराच्या चरबीत सुरळ्या तळल्या. चरबीचा वास उंदराला बिळातून ओढून आणतो, हे तिला आपल्या स्वयंपाकघरातूनच माहीत होतं. त्या दिवशी ती बाभळीखाली लवकर जाऊन थांबली.

"काय रे, ताचो?"

ताचो नेहमीसारखा हसला नाही. "नाही, मावशी. तसाच पडलाय." मग त्याने खांदे उडवले. "गेले असतील कुठे जत्रेला."

कुणी हसलं नाही. नासारियो तर पुढे निघूनही गेला होता.

एलोदियाला अपमान झोंबत होता. अख्ख्या गावाने जिच्या हातचं खाल्लं अशी बाई ती. त्या रात्रीची भांडी तिने आपटत घासली. जेवायला बसलेल्या मुलाला म्हणाली, "उद्या तो घास मला आणून दे. उंदरांनी सोडलेला. बघू दे माझ्या डोळ्यांनी काय वाईट आहे त्यात."

"आई, वेड लागलंय का तुला?"

"आण म्हटलं ना."

त्याने आणला. सांजेला दारात उभं राहून खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली, टेबलावर टाकली आणि हात धुवायला मागे गेला.

तिने गाठ सोडली. सुरळीचं टोक होतं, अख्खं. एका दाताचीही खूण नव्हती. पण ते ओलं होतं. नुसतं दमट नव्हे. दाबलं तर बोटांमधून पाणी आलं. तळलेली पोळी पाण्यात पडलेल्या कागदासारखी लिबलिबीत झाली होती.

तिने खुर्ची ओढून घेतली आणि बसली. हे पाणी तिच्या कढईतलं नव्हतं. त्या सारणात पाण्याचा थेंब ठेवला नव्हता तिने, रेघ दोनदा ओढून पाहिली होती. मिरची कमी असेल, जिरं नसेल, पण ओलं सारण या घरातून बाहेर गेलं नव्हतं.

तिने बोट जिभेला लावलं. खारट नाही, आंबट नाही. गंजलेला खिळा चोखावा तशी चव. ही चव तिला ठाऊक होती. लहानपणी वडिलांचे कपडे धुताना हात असेच कडवट व्हायचे. ते म्हणायचे, शेजारच्या बुजलेल्या विहिरीत साचलेलं पाणी आहे ते. वाट मिळाली नाही म्हणून थांबलंय.

"नासारियो, खाली पाणी आहे?"

"विहिरीत पाणी असतंच." तो टॉवेलने हात पुसत होता, तिच्याकडे बघत नव्हता. "पंप आहे."

"भिंतीतून येतंय?"

"भिंतीला घाम येतो, आई. उन्हाळा आहे."

"घास कुठे ठेवता तुम्ही? जमिनीवर?"

त्याने टॉवेल खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "फळीवर. छातीएवढ्या उंच फळीवर. वरून ठिबकतं."

"उद्या जाऊ नकोस."

"आणि काय सांगू? आईला उंदरांनी निरोप पाठवलाय? ठेकेदार आधीच म्हणतो, ज्याला भीती वाटते त्याने घरी टोपल्या विणाव्यात. मी गेलो नाही तर दुसरा उतरेल."

"ठेकेदाराला सांग पाण्याचं."

"सांगितलं. पंपाला डिझेल आणतो म्हणाला." त्याने वाटीत सूप वाढून घेतलं, आणि न जेवता बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

सकाळी एलोदियाने चूल पेटवली नाही. तिला आठवतं तेव्हापासून प्रथमच. नासारियो पहाटेच निघून गेला होता, जेवणाची वाट न बघता. तिने रिकामी टोपली काखेत घेतली. का घेतली हे तिलाही सांगता आलं नसतं. हात रिकामा बरा वाटत नव्हता, इतकंच.

ताचोला उशीर झाला होता. बाभळीपाशी त्याने तिला गाठलं. "मावशी, आज टोपलीत काही नाही? रुसलात?"

ती थांबली नाही. बाभळीची सावली मागे पडली. ताचो दोन पावलं हसतच मागे आला, मग त्याचा आवाज बदलला.

"मावशी, पुढे नका जाऊ. अहो मावशी! माणसं खाली आहेत!"

"म्हणूनच."

त्याने तिचा दंड धरला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात काढला.

रहाटावर म्हातारा कुको होता. इंजिनच्या आवाजात त्याला आधी काही ऐकू आलं नाही. मग त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "एलोदिया, तिथेच उभी राहा. एक पाऊल टाकू नकोस. तुझाच पोरगा आहे खाली."

ती चालत राहिली. विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकलेल्या होत्या. कुणाही बाईचा पाय त्या फळ्यांना लागलेला नव्हता. तिने टोपली खाली ठेवली, गुडघे टेकले, दोन्ही हातांनी कड धरली आणि आत वाकून पाहिलं.

काळोख. खोल कुठेतरी एक दिवा, नखाएवढा. आणि वर येणारा वास, गंजाचा.

कुकोने छातीवर क्रूसाची खूण केली, शिवी दिली, पुन्हा खूण केली. मग लोखंडी तुकड्यावर हातोडा मारायला लागला. सगळ्यांना वर घेण्याची खूण. बाई आली की ठेकेदाराची परवानगी विचारायची नसते. तेवढं त्या मुलखात अजून शिल्लक होतं.

पिंप वर आलं. दोघं उतरले, तिच्याकडे बघून थबकले. पुन्हा पिंप गेलं, पुन्हा आलं. प्रत्येकाला वर येताना आधी कुको दिसे, मग ती, आणि मग तो दुसरीकडे बघे. नासारियो शेवटचा. त्याची विजार मांडीपर्यंत भिजलेली होती. तिने ती पाहिली. तिने पाहिलं हेही त्याने पाहिलं.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "आता मला कुणी पिंपाला हात लावू देणार नाही. तुझा मुलगा म्हणून. जन्मभर."

"बरं."

"बरं? बरं म्हणतेस?"

"ओरड," ती म्हणाली. "वर उभा राहून ओरडतोयस ना, मग ओरड."

ताचो मध्ये पडला नाही. बाकीचे थुंकले, बाजूला जाऊन बसले. सगळ्यांचा दिवस बुडाला होता, एकाचं तर लेकरू आजारी होतं.

काम बंद झालं की रिकामं पिंप तळाशी सोडून ठेवायचं, ही कुकोची रीत. वर ठेवलं तर चोर नेतात. दोराला त्याने लाल चिंधी बांधलेली होती. चिंधी चाकाशी आली की पिंप तळाला टेकलं. त्याने खीळ सोडली. दोर सरसरत चालला. चिंधी अजून बरीच वर, गुंडाळीतच होती, आणि दोर एकाएकी ढिला पडला.

कुकोने दोर हलवून पाहिला. पिंप कुठेच टेकलेलं नव्हतं. ते तरंगत होतं.

कुणीतरी उठलं. मग सगळेच उठले. विहिरीतून वारा आला, खालून वर, थंड, कोळशाची पूड घेऊन, टोप्या उडाल्या. त्यामागून आवाज आला. दूर कुठे लोक एकदम बोलायला लागावेत तसा. फळ्या थरथरल्या. नासारियोने आईला काखेत हात घालून उचललं आणि मागे खेचलं. त्याची बोटं तिच्या दंडात रुतली होती, आणि त्याला ती सोडवता येत नव्हती.

त्यानंतर लास नोरियासमध्ये दोन तट पडले. काही म्हणतात, तिने माणसं वाचवली. पण जास्त जण म्हणतात, विहीर चांगली चालली होती. बाई डोकावली आणि तासाभरात पाणी फुटलं, यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? ताचो समोर आला की मान खाली घालतो. जेवण कुणी नेत नाही. एलोदिया आता हमरस्त्यावर मालमोटारवाल्यांना सुरळ्या विकते. सारण तेच, परतणं तेवढंच.

नासारियो काही आठवडे विटांच्या भट्टीवर गेला. भट्टी बंद पडली. त्या मुलखात माणूस कोळशापासून फार लांब जात नाही, जायला जागाच नाही. एके सकाळी तो दारात उभा राहिला. पायात जुनेच बूट, नव्याने तेल लावलेले.

"नदीपलीकडे एक विहीर आहे," तो म्हणाला. "तिथे मला ओळखत नाहीत. ओळखतात, पण घेतील. एक अट घातलीय."

ती कढईत रेघ ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"तू तिकडे यायचं नाहीस. कधीच नाही. काही झालं तरी. मी तुझ्या वतीने शब्द दिलाय, आता तू मला दे."

तिने रेघेकडे पाहिलं. कडेने किंचित पाणी आलं होतं. ती पुन्हा परतायला लागली.

"आई. शपथ घे."

तिने पोळी शेकली, सारण भरलं, दोन्ही बाजू आत मुडपून घट्ट गुंडाळली. मग दुसरी. फडक्यात बांधून गाठ मारली आणि त्याच्या हातात दिली.

"नदीपलीकडे म्हणजे नेमकी कुठे?" तिने विचारलं.