खाली पेन्सिलीने एक प्रश्न

गावाकडच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. एक सांगायला घ्यावा, तर मागचे चार ओढून येतात. हे सगळे नेकनूरजवळच्या आमच्या हायस्कुलातले, नववीच्या एकाच वर्गातले. तेव्हा गावात नुकताच एसटीडी बूथ आला होता आणि पोरांच्या दप्तरात निबंधाचं गाइड.

साठ वह्या तपासून मी मेटाकुटीला आलो होतो. शेवटी नियम केला. निबंध झाला की वही शेजाऱ्याला द्यायची. त्याने खाली पेन्सिलीने एक आवडलेली गोष्ट आणि एक प्रश्न लिहायचा. मग निबंध पुन्हा लिहायचा.

पहिल्याच दिवशी किराणा दुकानदाराच्या भगवानने शेजारच्या गफूरच्या निबंधाखाली लिहिलं, "आवडलं : सगळं. प्रश्न : घरी सगळे खुशाल हायत का?"

चूक त्याची नव्हती. प्रश्न कशाबद्दल विचारायचा, हे मी सांगितलंच नव्हतं!

*

भगवानचा 'माझे बाबा' हा निबंध गाइडातून उतरवलेला. बाबा सकाळी ऑफिसला जातात आणि संध्याकाळी मला बागेत फिरायला नेतात. गफूर त्याच्याच गल्लीतला. त्याने लिहिलं, "प्रश्न : बाग कुठं हाय? मी पन येतो."

शहरात असं होत नसावं. आमच्याकडे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या घरी काल कसली भाजी होती तेही ठाऊक असतं. दुसऱ्या खेपेला भगवानने लिहिलं, की बाबा दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलतात आणि घरी आले की त्यांच्याकडे बोलायला काही उरत नाही. मी ते दोनदा वाचलं.

*

मग वाटलं, आपणही वही द्यावी. पंधरा ऑगस्टचं माझं भाषण वर्गात फिरवलं. परत आलं तेव्हा खाली होतं, "आवडलं : अक्षर. प्रश्न : गेल्या साली हेच व्हतं ना?"

नाव नव्हतं, पण अक्षर भगवानचं होतं. राग आला, खरं सांगतो. दोन दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने भाषण नव्याने लिहिलं.

*

वर्गात सगळ्यांत चांगलं लिहायची ती शोभा. तिचे वडील महादेवअप्पा केज रस्त्यावर जीप चालवायचे. नववी झाली की शाळा बंद आणि लग्न, असं घरात ठरलं होतं. वर्गालाही ते माहीत होतं. मी अप्पांना दोनदा भेटून आलो, उपयोग झाला नाही.

तरी 'पाच वर्षांनंतरची मी' या निबंधात शोभाने गाइडातली डॉक्टरीण उतरवली. पांढरा कोट, गरिबांची सेवा. शेजारच्या सुनंदाने पेन्सिलीने विचारलं, "हे खरं हाय का?"

शोभा दिवसभर तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नवा निबंध आला, जेमतेम अर्धं पान. केजला सासर. पहाटे उठून आठ जणांच्या भाकरी. निबंध लिहायला कुणी सांगत नाही.

सुनंदाने 'आवडलं'पुढे काही लिहिलं नाही. फक्त प्रश्न लिहिला, "ह्यात तू कुठं हायस?"

*

परीक्षा झाल्यावर महादेवअप्पा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. अर्ज लिहूनच आणला होता. क्लार्क जेवायला गेलेला, म्हणून माझ्यापाशी बसले. तिसऱ्यांदा समजावण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. मी शोभाची वही पुढे सरकवली.

ते ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. अर्धंच पान, पण बराच वेळ लागला. सुनंदाच्या प्रश्नापाशी थांबले आणि पुन्हा वरून सुरू केलं.

"सर, रबर हाय का?"

मी दिलं. त्यांनी भाकरीची ओळ घासायला घेतली. कागद मळला, शाई तशीच राहिली.

"पेनाचं आहे ते अप्पा," मी म्हटलं. "खोडलं जायचं नाही."

त्यांनी रबर टेबलावर ठेवलं. अर्जाची घडी करून खिशात घातली आणि उठले.

"मग पोरीला पुन्हा लिहायला लावा."