आगेवाला

"आगेवाला, बघ रे जरा!"

डॉक्टरकाकांनी लांबूनच हाक मारली. दोन हजार पाचचा जून. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळाची गोल्फ आउटिंग होती. काकांचा बॉल झाडाच्या मुळाशी अडकला होता. 'बघ जरा' म्हणजे काय करायचं ते मला पाठ होतं. इकडेतिकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकाने बॉल हळूच मोकळ्या गवतावर सरकवला. वीतभर.

मागून काकांचा हॉस्पिटलमधला अमेरिकन मित्र येत होता. पाहुणा म्हणून आलेला. त्याने पाहिलं. "तू बॉल हलवलास?" त्याने मला इंग्रजीत विचारलं.

काका मोठ्याने हसले. त्याला म्हणाले, "याला नियम माहीत नाहीत, माफ कर." मग आपल्या लोकांकडे वळून मराठीत म्हणाले, "काय करणार? अमेरिकेत आणलं तरी यांची सवय जात नाही."

यांची. म्हणजे एकट्या माझी नाही. तिथे उभ्या असलेल्या तिघाचौघांना बरोबर कळलं कुणाची ते. सगळे हसले. आणि मी काय केलं? सॉरी म्हटलं. त्या गोऱ्याला म्हटलं, काकांनाही म्हटलं. काकांची बॅग खांद्यावर टाकली आणि पुढे चालायला लागलो. आजही आठवलं की अंगाची लाही लाही होते.

'आगेवाला' हा शब्द त्यांना मीच दिला होता. मंडळात नवा होतो. गणपतीच्या जेवणात कुणीतरी गोल्फचा विषय काढला. मला वाटलं, चला, यातलं आपल्यालाही कळतं. मारली बढाई! सांगून टाकलं की नागपूरजवळच्या छावणीत गोल्फचं मैदान होतं आणि त्याच्या भिंतीमागे आमची वस्ती. आमच्या वस्तीतली पोरं साहेबांचे आगेवाले. साहेबाच्या पुढे पळायचं, बॉल कुठे पडतो ते बघायचं. खड्ड्यात पडला तर साहेब पोचायच्या आत अनवाणी पायाच्या बोटांत धरून चांगल्या गवतावर ठेवायचा. साहेब सांगत नसे. फक्त म्हणे, देख जरा. मी त्यात पटाईत होतो. सातवीपासून बारावीपर्यंत तेच केलं. त्यातूनच फी भरली, पुढे इंजिनिअर झालो.

हे सगळं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. येडाच मी! वस्ती म्हटल्यावर काकांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. पुढच्या आउटिंगला मी खेळायला म्हणून गेलो तर त्यांनी आपली बॅग माझ्या हातात दिली. तेव्हापासून मी मंडळाचा आगेवाला. सगळे तेच म्हणायचे. थट्टेने म्हणायचे, असं म्हणायची सोय होती.

मी गप का बसलो? माझा व्हिसा ज्या कन्सल्टिंग कंपनीचा, ती काकांच्या मेव्हण्याची. ग्रीन कार्डची फाइल त्याच कंपनीतून चाललेली. घरी येऊन धुसफुसलो की बायको म्हणायची, "कार्ड येऊस्तोवर गप ऱ्हा नं. पोरगी शाळेत रुळली आहे." तिचं काय चुकत होतं? पोटासाठी करतोय, व्हिसासाठी करतोय, एकदा कार्ड आलं की बघतो एकेकाला, अशी मीही मनाची समजूत घालत होतो.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मला तो इटालियन भेटला.

आमच्या भागात दुसऱ्या फळीच्या व्यावसायिक गोल्फरांची स्पर्धा भरायची. पगारी कॅडी ठेवणं ज्यांना झेपत नाही, त्यांची बॅग उचलायला फुकट काम करणारे स्वयंसेवक हवे होते. मी नाव दिलं. का दिलं ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्या वाट्याला हा आला. अडतिशीचा, उन्हाने रापलेला, गुडघ्याला पट्टा. त्याचा बाप इटलीतल्या एका गोल्फ क्लबात माळी. हा स्वतः लहानपणी तिथे बॅगा उचलायचा. पुढे युरोपात एक मोठी स्पर्धा जिंकला. एकच. मग पाठीने दगा दिला आणि नाव मागे पडत गेलं. नशीब काढायला अमेरिकेत आला. तीन वर्षं मोटेलात राहून, भाड्याची गाडी स्वतः चालवत या गावाहून त्या गावाला. त्याचाही जीव कार्डातच अडकलेला. खेळायच्या परवान्यालाही ते कार्डच म्हणतात. पहिल्या दोन दिवसांनंतर निम्मे खेळाडू बाद होतात. त्यात तो बाद झाला तर पुढच्या वर्षीचं कार्ड गेलंच.

पहिल्याच होलवर त्याने मला जवळ बोलावलं. गुडघा वाकवून उताराकडे पाहत म्हणाला, "तुला काय दिसतं?"

मला! इतकी वर्षं बॅगा उचलल्या, पण मला काय दिसतं असं कुणीही विचारलं नव्हतं. म्हटलं, थोडा डावीकडे. तो डावीकडे खेळला. बॉल आत गेला. दुपारी त्याने अर्धं सँडविच माझ्यापुढे केलं. माझं नाव त्याला नीट म्हणता येईना, तर चार वेळा विचारून घोकलं. त्या माणसासाठी मी काहीही केलं असतं.

आणि केलंच. दुसऱ्या दिवशी, सतराव्या होलवर. बॉल पाइनच्या झाडांत गेला. मी पुढे पळालो. बॉल वाळक्या काड्यांत रुतून बसला होता. तो तीसेक पावलं मागे होता. कुणाचं लक्ष नव्हतं. माझा पाय गेला. मी विचारसुद्धा केला नाही. चार बोटं, बस्स.

तो आला. बॉलकडे पाहिलं, काड्यांकडे पाहिलं, मग माझ्या बुटाकडे.

"तू हलवलास?"

"हो."

त्याने हात वर करून पंचाला बोलावलं. स्वतःच सांगितलं, माझ्या कॅडीने बॉल हलवला. बॉल होता तिथे परत ठेवला आणि एक फटका दंड घेतला. त्याच एका फटक्याने तो बाद झाला.

पार्किंगमध्ये मी रडलो. सॉरी, सॉरी म्हणत राहिलो. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही उरलंच नव्हतं. त्याने बॅग डिकीत ठेवली. त्याच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "मी तुला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. इथे साहेब नव्हता, काका नव्हते, व्हिसा नव्हता. ज्याने मला माणसासारखं वागवलं, त्याच्यापुढेही मी गुलामासारखाच वागलो. हुकूम द्यायला कुणी लागतच नव्हतं. गुलामी माझ्या अंगात मुरली होती, आणि तिने एका भल्या माणसाचं वाटोळं केलं. पुढच्या वर्षी खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव शोधलं. वरून खाली तीनदा शोधलं. नव्हतं.

त्या स्पर्धेनंतरच्याच सप्टेंबरात मंडळाची पुन्हा आउटिंग. तोच पाहुणा. काकांचा बॉल उंच गवतात.

"आगेवाला, बघ रे."

मी बॅग खाली ठेवली. "मी बॉलला हात किंवा पाय लावणार नाही, डॉक्टर." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काका म्हटलं नाही. मग पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं, "गेल्या वर्षी मी लावला होता. नियम मला माहीत होता. यांनी सांगितलं म्हणून लावला."

कुणी हसलं नाही. बॅग तिथेच सोडून गाडीपर्यंत चालत गेलो.

सोमवारी कंपनीतून फोन. प्रोजेक्ट संपला, फाइल मागे घेतोय. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. आवाज अगदी मायेचा. "हे बघ, वेडेपणा करू नकोस. मंडळाच्या ग्रुपवर एक सॉरीचा मेल टाक. दोन ओळींचा. मी मेव्हण्याशी बोलतो."

बायको समोर उभी होती. पोरगी आत गृहपाठ करत होती. दोन ओळी लिहिल्या असत्या तर सगळं वाचलं असतं.

म्हटलं, "सॉरीचा मेल तुम्ही टाका, डॉक्टर. मी वाट बघतो."

महिन्याभरात आम्ही नागपूरला परत आलो. तीन वर्षं होत आली. पोरगी अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिची शाळा मी तोडली, हे खरंच आहे. तो मेल आलेला नाही. मी मात्र दर सप्टेंबरात मंडळाच्या ग्रुपवर लिहितो. झालेलं सगळं, जसंच्या तसं. शेवटी एकच ओळ: माफी अजून बाकी आहे. गेल्या वेळी त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. त्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत. यंदा एकेकाला पत्र घालणार.