न धुवायचा पट्टा

कडककाकांचा ठोसा आठ वर्षं कराटेच्या क्लासात गाजला, आणि त्याचं निम्मं श्रेय स्टार्चला होतं. काकांची लॉन्ड्री होती. आपला पांढरा गणवेश ते स्वतःच्या हाताने असा कडक करायचे की घडीतून काढला की तो जवळजवळ उभा राहायचा. त्यामुळे काकांनी नुसता हात पुढे केला तरी बाहीतून 'फट्ट' असा आवाज निघे आणि नवी मुलं दचकून मागे सरत. हा आवाज ठोशाचाच आहे असा काकांचाही प्रामाणिक समज होता. कडककाका हे नाव त्यावरूनच पडलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

क्लासला ते आले चव्वेचाळिसाव्या वर्षी, तेही कंबरेपायी. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून राहून कंबरेने असहकार पुकारला होता. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, आणि दोन गल्ल्या पलीकडे सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सर शिकवत होते. सर साठीचे, अंगाने काटक, बोलायला महाग. पहिल्या दिवशी त्यांनी काकांच्या कमरेला पांढरा पट्टा बांधला आणि म्हणाले, "गणवेश रोज धुवायचा. पट्टा कधीच नाही. तुमचा घाम त्यात राहू द्यायचा."

काकांना हे पटेना. समोरच्या माणसाच्या कॉलरवरचा डाग चहाचा की कॉफीचा हे रस्त्याच्या पलीकडून ओळखणारा हा गृहस्थ. त्याला सांगायचं की मळलेली वस्तू रोज कमरेला बांध आणि गप्प बस. पण शिस्त म्हणजे शिस्त. पांढरा, पिवळा, हिरवा करत काका ब्राऊन बेल्टपर्यंत पोचले, आणि एकाही पट्ट्याला पाणी लावलं नाही. फक्त घरी तो दाराच्या मागे टांगत, नजरेला पडू नये म्हणून.

खरा छळ होता सरांच्या पट्ट्याचा. म्हणायला काळा, पण एकतीस वर्षं गाठ मारून मारून वरचं कापड झिजलेलं, आतलं पांढरं सूत बाहेर आलेलं, टोकांना दशा लोंबत असलेल्या. काकांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "किती सुंदर झालाय ना सरांचा बेल्ट?" काका "हो हो" म्हणाले आणि छताकडे बघायला लागले.

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला दोन महिने उरले होते. एका सोमवारी सरांच्या सुनेने नेहमीसारखं सरांच्या गणवेशाचं गाठोडं दुकानात आणून टाकलं. काकांनी ते सोडलं, तर आत चुकून गुंडाळला गेलेला तोच पट्टा.

आता खरं तर तो बाजूला ठेवून द्यायचा. पण काकांच्या दुकानाचाही एक नियम होता, कराटेच्या नियमाहून जुना: आत आलेला कपडा मळका बाहेर जात नाही. शिवाय शिष्याची लॉन्ड्री दोन गल्ल्यांवर असताना गुरूने दशा लोंबवत फिरावं, यात नाक कोणाचं कापलं जातं? काकू गल्ल्यावरून म्हणाल्या, "अहो, त्याला हात लावू नका. तुम्हीच तर सांगत असता." काका म्हणाले, "तो नियम विद्यार्थ्यांना." जित्याची खोड, दुसरं काय.

दिवसभर काका त्या पट्ट्याच्या मागे होते. गरम पाण्यात भिजवला, दशा कात्रीने साफ केल्या, काळ्या रंगात दोनदा बुडवून उकळला, रंग बसायचं औषध घातलं, आणि शेवटी प्रेमाने भरपूर स्टार्च. मंगळवारी क्लासच्या आधी त्यांनी तो पातळ कागदात गुंडाळून सरांच्या हातात दिला आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

सरांनी कागद उलगडला. जिथे दशा होत्या त्या टोकांवरून एकदा बोट फिरवलं. मग पट्टा कमरेला लावून गाठ मारली, तर गाठ बसेना. टोकं दोन्हीकडे ताठ उभी. तीनदा मारली, तीनदा सुटली. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला, पण हसू दाबायला नाही, आणि ते बघून काकांना पहिल्यांदा कळलं की आपण काय करून बसलो.

"माझ्या गुरूंनी बांधला होता हा," सर हळूच म्हणाले आणि क्लास सुरू केला.

त्या तासाला काकांना धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. सगळे गेल्यावर ते सरांसमोर उभे राहिले. "सर, मी उद्यापासून येत नाही."

"यायचं," सर म्हणाले. त्यांनी पट्टा उजेडाकडे धरला. "रंग पक्का आहे?"

इथे तरी माणसाने नरमाईने बोलावं. पण प्रश्न धंद्याचा होता. "पक्का म्हणजे काय सर, पार आतपर्यंत मुरवलाय. वर्षानुवर्षं बघायला नको," काका म्हणाले, आणि मग जीभ चावली.

"बरं," सर म्हणाले. "यात पुन्हा पांढरा दोरा दिसेल, त्यानंतरच्या रविवारी तुमची परीक्षा. आणि उद्यापासून गणवेशाला स्टार्च नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या कोणी रंगवला असता तर महिन्याभरात विटला असता. पण हे काम पडलं कडककाकांचं.

डॉक्टरीणबाई ब्लॅक बेल्ट होऊन पुढच्या रांगेत गेल्या. काका ब्राऊनमध्येच राहिले, आणि त्यातून स्टार्च गेलेला. पहिल्या दिवशी त्यांनी ठोसा मारला तर बाहीतून आवाजच नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सर काकांच्या मागे येऊन त्यांच्या कमरेला हात लावून म्हणाले, "आता सुरुवात करू." आठ वर्षांनंतर हे ऐकणं काकांना फार जड गेलं. त्या दिवशी घरी जाऊन ते जेवले नाहीत.

त्याहून कठीण गोष्ट अशी की सर आता दर पंधरवड्याला गणवेशाबरोबर पट्टाही मुद्दाम पाठवायला लागले. धुवायला नव्हे, नुसताच. गाठोडं सोडलं की तो समोर. आणि काळ्याचा पांढरा करायचे चार उपाय काकांच्या मागच्या फळीवर बाटल्यांत भरून ठेवलेले होते. ब्लीचचा एक थेंब, ब्रशचा एक हात, पाच मिनिटांचं काम.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. काकांनी बाटलीचं झाकण काढलं, कापसाचा बोळा भिजवला आणि पट्टा हातात घेऊन उभे राहिले. काकू गल्ल्यावरून बघत होत्या. मग काकांनी बोळा कचऱ्यात टाकला आणि पट्टा पुन्हा घडी करून ठेवला.

"मी काही कोणाला सांगणार नव्हते हो," काकू म्हणाल्या.

"मला कळलं असतं ना," काका म्हणाले आणि इस्त्रीकडे वळले.

सातव्या महिन्यात एका संध्याकाळी काकांनी ठोसा मारला आणि मऊ बाहीतून 'फट्ट' आवाज आला. काकांनी चमकून मागे बघितलं, दुसऱ्या कोणी मारला की काय म्हणून. सर म्हणाले, "तुमचाच आहे. पुन्हा मारा." पुन्हा काही आला नाही. पण चौथ्यांदा आला.

पांढरा दोरा दिसला चौदाव्या महिन्यात, गाठीच्या खालच्या वळणावर, नखाएवढा. काकांनी तो सर्वांआधी पाहिला आणि एक अक्षर काढलं नाही. तीन आठवडे गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच सरांना दाखवला. "मला माहीत आहे," सर म्हणाले. "हे कधी बोलतात, तेच बघत होतो." आणि काकांना म्हणाले, "रविवारी या."

रविवारी परीक्षा झाली. काकांच्या कमरेला काळा पट्टा बांधताना सरांनी एकच सांगितलं, "नियम आठवतोय ना?" काकांना हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

तिथून ते तसेच पट्ट्यासकट दुकानात आले. आनंदात चहाचा कप ओठाला लावताना तो कलंडला आणि चहा पट्ट्याच्या टोकावर सांडला. काकूंनी सवयीने डागाची बाटली पुढे केली.

"राहू दे," काका म्हणाले. "आत्ता कुठे मळायला लागलाय."

काकूंनी बाटली खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.